प्रश्न परत वाच

जयवंताबाई आदिलाबादला मुलाच्या घरी आल्या त्या दोन महिन्यांसाठी म्हणून. येताना त्यांनी तीन लुगडी आणली होती, चौथ्याची गरज वाटली नव्हती. त्या गोष्टीला आता दीड वर्ष होऊन गेलं होतं.

त्यांचं गाव जवळच्याच तामसी मंडलातलं, म्हणजे तालुक्यातलं. नवरा उद्धवराव कापूस आणि ज्वारी करायचे. विहिरीलगतचा अर्धा एकर मात्र जयवंताबाईंचा. त्यात त्या मेथी, पालक, वांगी, अंबाडी लावत आणि सकाळच्या पहिल्या बसनं टोपलं घेऊन आदिलाबादला येत. अशी तीस वर्षं गेली. अक्षर एक येत नव्हतं, पण कोणत्या गल्लीतल्या कोणत्या दाराला काय लागतं ते तोंडपाठ होतं. मास्तरीणबाईंना कोवळी वांगी, कोपऱ्यावरच्या खानसाहेबांकडे कोथिंबीर जास्त, रेल्वेतल्या तेलुगू साहेबांच्या घरी अंबाडी, जिला ते गोंगुरा म्हणत.

मग डावा पाय दुखायला लागला. आधी बसची पायरी चढताना, मग मेथी खुडायला बसताना, पुढे नुसतं उभं राहतानाही. सरकारनं बायकांना बसचं तिकीट माफ केलं त्याच सुमाराला जयवंताबाईंना बसची पायरी चढता येईनाशी झाली. गावच्या घरी संडास उकिडवं बसायचा. एक दिवस तिथून उठताना त्या पडल्या. दाराची कडी आतून लावलेली, हात कडीपर्यंत पोचेना. उद्धवराव शेतातून येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ दुपारभर, त्या तशाच भिंतीला टेकून बसून राहिल्या.

दुसऱ्याच दिवशी राजकुमार, त्यांचा एकुलता मुलगा, त्यांना घ्यायला आला. तो आदिलाबादला मोटारपंपांच्या दुकानात कामाला होता. त्याचं भाड्याचं घर वरच्या मजल्यावर होतं, पण तिथं खुर्चीसारखा संडास होता. "तिथं तुले उठाबसाले तरास नाई, माय," तो म्हणाला. त्याचं म्हणणं खरं होतं. फक्त त्या घराचा जिना बाहेरून होता, अरुंद, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पहिल्या दिवशी राजकुमारनं आणि घरमालकानं त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर उचलून नेलं. त्यानंतर दीड वर्षात त्या सात वेळा खाली उतरल्या, सातही वेळा त्याच खुर्चीत, आणि सातही वेळा दवाखान्यातच गेल्या.

तो बाजारातला एक खाजगी दवाखाना होता. डॉक्टर गुडघा दाबून बघत, गुडघ्यात सुई देत, गोळ्या लिहून देत आणि म्हणत, "पायाला आराम द्या." घरातल्या सगळ्यांनी तो शब्द मनावर घेतला. सून सुवर्णा शिलाई मशीनवर ब्लाउज शिवता शिवता उठून पाण्याचा तांब्या त्यांच्या हातात देई. भाजी निवडायला हात पुढे केला तर ताट ओढून घेई. "तुमी बसा, आत्याबाई." राजकुमार दुकानातून आला की आधी विचारी, "आज उठली तर नाई ना?" त्या नाही म्हणत. त्याला बरं वाटे.

बसून बसून अंग जड झालं. ब्लाउज सुवर्णानं दोनदा उसवून सैल केले. पाय होता तसाच दुखत राहिला, उलट सुई दिल्यावर चार दिवस बरे गेले की पाचव्या दिवशी दुखणं नव्यानं येई. त्या खिडकीपाशी बसत. खालच्या गल्लीतून त्यांच्याच गावाकडची राहीबाई भाजी विकत जायची. तीस वर्षं दोघी एकाच बसनं आल्या होत्या. राहीबाई खालून हाक मारी, जयवंताबाई दोरीनं पिशवी सोडत, पिशवीत मेथीची जुडी येई. राहीबाई वर मान करून बोलू लागली की मागून गाडी वाजे आणि तिला पुढं सरकावं लागे. ज्या शहराचं दारन् दार ठाऊक, त्या शहरात त्या एका खिडकीएवढ्या उरल्या होत्या.

गणपती उठले त्याच आठवड्यात दीक्षा नावाची एक मुलगी जिना चढून आली. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. एका संस्थेसाठी ती घरोघर माहिती गोळा करत होती. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवातावर लोकांना उपचार कसे मिळतात, ते नीट मिळतात का, हे मोजायचं काम होतं. गावच्या आरोग्य केंद्राच्या यादीत जयवंताबाईंचं नाव होतं. तिथून पत्ता विचारत ती इथवर पोचली होती. राजकुमार जेवायला घरी आलेला होता.

"मावशी, ही तुमची परीक्षा नाई," दीक्षा म्हणाली. "तुमाले काय काय मिळालं, तेवढंच विचारायचं हाय. सतरा प्रश्न. हो, नाई, नाईतर आठवत नाई, असं सांगा."

"विचार," जयवंताबाई म्हणाल्या. दीड वर्षात त्यांच्याकडे कुणी काही विचारायला आलं नव्हतं.

पहिला प्रश्न, कुठं दुखतं त्यावर बोट ठेवा. त्यांनी डाव्या गुडघ्यावर ठेवलं.

दीक्षानं पुढचा वाचला. "गेल्या वर्षभरात हा आजार काय हाय अन् पुढं कसा जाते, हे तुमाले कोणी समजावून सांगितलं का?"

"हो," राजकुमार म्हणाला. "झीज हाय म्हणून सांगितलं ना डॉक्टरनं."

"दादा, उत्तर मावशीनंच द्यायचं हाय."

जयवंताबाईंनी गुडघ्यावरचं बोट काढलं. "झीज म्हणले. पुढं काय व्हते ते नाई सांगितलं."

"मग हो लिहू की नाई?"

"नाई लिही."

राजकुमारचा हात ताटात थांबला.

पायाचे स्नायू बळकट व्हावेत म्हणून कुणी व्यायाम शिकवला का? नाही. चालत राहावं की बसून राहावं, यावर कुणी बोललं का? हो, बसून राहा म्हणाले. वजनाबद्दल? नाही. गोळ्यांनी पोटात जळजळते का, असं कुणी विचारलं का? नाही, आणि जळजळत होतंच, पण ते गोळ्यांनी, हे त्यांना आत्ता प्रश्न ऐकताना कळलं. काठी लागते का, ती कोणत्या हातात धरायची, हे कुणी दाखवलं का? नाही. जिना असला तर तो कसा चढायचा-उतरायचा, हे?

"असं शिकवतेत का?" जयवंताबाईंनी विचारलं.

"मावशी, मले उत्तर सांगता येत नाई. मी फक्त विचारू शकते."

"नाई लिही मग."

"दुखणाऱ्या पायाच्या बोटात तुमाले सोताच्या हातानं जोडवं घालता येते का? नखं कापता येतेत का?"

"नखं सुवर्णा कापते. जोडवं दोन वर्सापासून काढूनच ठेवलं. पाय तितका वर येत नाई. जांघेत अडकल्यावानी व्हते."

दीक्षाचं बोट काचेवर होतं ते क्षणभर तिथंच राहिलं. मग तिनं पुढचा प्रश्न वाचला. "गुडघा दुखते म्हणून दाखवाले गेल्यावर, डॉक्टरनं खुबाबी तपासला का? तुमाले झोपवून, पाय धरून वळवून पाह्यला का?"

"नाई. खुर्चीतच बसवते अन् गुडघ्यात सुई देते." त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. "काऊन थांबली होती तू?"

"काई नाई, मावशी."

"काई तरी हाय."

दीक्षा अवघडली. तिला मिळालेल्या प्रशिक्षणात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती: सल्ला द्यायचा नाही, दिला तर मोजणी बिघडते. तिनं खाली मान घातली. "मले सांगायची परवानगी नाई. प्रश्न समजला नसन तर तो परत वाचता येते. कितीबी वेळा."

जयवंताबाईंनी पदर सावरला. "मग परत वाच."

तिनं परत वाचला. सावकाश.

"आजून एकदा."

तिनं तिसऱ्यांदा वाचला. नंतर जयवंताबाईंनी जिन्याचा प्रश्न परत वाचायला लावला, काठीचा लावला, व्यायामाचा लावला. प्रत्येक प्रश्नाला त्या एकेक बोट मिटत होत्या. गल्लीतली दारं त्यांनी अशीच पाठ केली होती.

दीक्षा गेल्यावर राजकुमार म्हणाला, "सगळं नाई नाईच सांगितलं तू. लोक काय म्हणतीन? पोरानं मायले तसंच टाकलं."

"तुयाबद्दल एकबी प्रश्न नव्हता रे."

"माय, मी तुले खुर्चीवर उचलून नेलं. सात वेळा."

"नेलं ना बाबू. मी कुठं नाई म्हणली?"

पण त्याला ते लागलं होतं. जयवंताबाईंनी सरकारी दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरकडं नेऊन आण म्हटलं, तर तो म्हणाला, तिथं गर्दी असते, दिवसभर बसवून ठेवतात, तुला सोसायचं नाही. पुढच्या आठवड्यात म्हणाला, दुकानात सध्या सुट्टी मिळत नाही. त्यात खोटं काही नव्हतं. तिसऱ्यांदा त्यांनी विषय काढला नाही.

रविवारी उद्धवराव गावाहून आले. ते दर रविवारी येत, पिशवीभर शेंगा किंवा वांगी आणत आणि संध्याकाळच्या बसनं परत जात. जयवंताबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पोरगं करून राह्यलं ना आपल्यासाठी. त्याचं मन मोडू नोको."

त्या दिवशी जयवंताबाईंना पहिल्यांदा नीट कळलं की आपल्याला अडवणारा जिना एकटा नाही. मुलाची माया, नवऱ्याचा भिडस्तपणा, डॉक्टरचा तो आरामाचा शब्द, सगळे त्यांच्याभोवती उभे होते आणि कुणाशी भांडावं असं त्यात कुणीच नव्हतं. त्या खिडकीपासून उठून पलंगावर गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. राहीबाईनं खालून दोनदा हाक मारली. त्यांनी पिशवी सोडली नाही. असे आठ-दहा दिवस गेले. जेवण आलं की जेवायचं, ताट गेलं की पडायचं. बोटं मात्र मिटत होती, एकेक प्रश्न, परत पहिल्यापासून.

सुवर्णाच्या ते लक्षात आलं. एका मंगळवारी राजकुमार दुकानात गेल्यावर तिनं मशीनवर कापड टाकलं आणि विचारलं, "आत्याबाई, काय मोजता हो तुमी?"

त्यांनी सांगितलं. सगळे प्रश्न, क्रमानं. सुवर्णा ऐकत होती. नखं कापताना पाय किती वर येतो आणि कुठं अडतो, हे घरात तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

"चला," ती म्हणाली. "बसून बसून उतरू."

जयवंताबाई पहिल्या पायरीवर बसल्या, मग दुसरीवर. सुवर्णा एक पायरी खाली, पाठ त्यांच्याकडे करून, म्हणजे तोल गेलाच तर तिच्यावर जाईल. मध्ये वळणावरची पायरी उंच होती. तिथं त्यांचा श्वास लागला आणि खाली रस्ता दिसून डोळे फिरले. परत वर जावं असं वाटलं, पण वर जाणंही तितकंच अवघड होतं. मग त्या खालीच सरकल्या. लुगडं मागून धुळीनं भरलं. घरमालकीण दारात येऊन बघत राहिली.

खालून ऑटोनं दोघी निघाल्या. सरकारी दवाखान्यात खरंच गर्दी होती. बाकावर तीन तास गेले. नंबर आला तेव्हा दुपार झाली होती. डॉक्टर तरुण, तेलुगू बोलणारे, हिंदी समजणारे. त्यांनी गुडघ्याकडे पाहिलं, आधीच्या चिठ्ठ्या पाहिल्या आणि लिहायला घेतलं.

"साब," जयवंताबाई हिंदीत म्हणाल्या, "खुबा बी देखो. सुला के, पाँव फिरा के."

डॉक्टरांनी मान वर केली. "आपको किसने बताया?"

"बताया नहीं साब. पूछा."

ते काय ते त्यांना कळलं नसावं, पण त्यांनी पेन ठेवलं. जयवंताबाईंना टेबलावर झोपवलं, डावा पाय गुडघ्यात दुमडून धरला आणि हलकेच आतल्या बाजूला वळवला. जांघेतून अशी कळ आली की त्यांनी टेबलाची कड पकडली. डॉक्टरांनी पाय लगेच सोडला, उजवा वळवून पाहिला. तो सहज फिरला. मग एक्सरेचा फोटो काढायला पाठवलं, गुडघ्याचा नाही, खुब्याचा.

फोटोत जे होतं ते त्यांनी सुवर्णाला बोट लावून दाखवलं. डाव्या खुब्यातला गोळा आणि त्याची वाटी यांच्यात जी फट असायला हवी ती उरलीच नव्हती. गुडघा वयाच्या मानानं बराच होता. खुबा झिजला की कधी कधी दुखणं गुडघ्यात उतरतं, ते म्हणाले. मग चिठ्ठ्या चाळत विचारलं, "डेढ़ साल में किसीने हिप का एक्सरे नहीं किया?"

"नहीं," सुवर्णा म्हणाली.

सांधा बदलावा लागेल, त्याआधी रक्त, साखर, हृदय तपासावं लागेल, यादीत नाव लागेल, तारीख नंतर कळेल. तोवर व्यायाम, काठी, आणि वजन कमी. जळजळ करणाऱ्या गोळ्या त्यांनी बंद केल्या.

व्यायाम शिकवणाऱ्या खोलीत एका साहेबांनी काठी उजव्या हातात दिली. जयवंताबाईंना वाटलं होतं, दुखऱ्या बाजूला धरायची. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, असं त्या साहेबांनी तिथल्या तीन लाकडी पायऱ्यांवर त्यांच्याकडून दहादा करून घेतलं. जयवंताबाईंना आनंद व्हायला हवा होता. त्यांच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. दोन वर्षं त्या एका गुडघ्याला धरून बसल्या होत्या आणि दुखणं तिथं नव्हतंच.

संध्याकाळी घरी आल्या तर राजकुमार जिन्याच्या तळाशी उभा. दुपारी जेवायला आला होता, दाराला कुलूप, कशा उतरल्या ते घरमालकिणीनं सांगितलेलं, तेव्हापासून तो तिथंच होता. तो काही बोलायच्या आत सुवर्णानं फोटो त्याच्या हातात दिला आणि डॉक्टरांनी दाखवलं होतं तिथं बोट ठेवलं.

त्यानं फोटो उजेडाला धरून पाहिला. मग पायरीवरच बसला. "म्याच नेलं तिथं," तो म्हणाला. "दर खेपी म्याच नेलं."

"तुले काय ठाऊक होतं," जयवंताबाई म्हणाल्या. "मले तरी कुठं होतं. माया सोताचा पाय असून."

त्याला बाजूला व्हायला सांगून त्यांनी चढायला सुरुवात केली. उजवा पाय, मग डावा, मग काठी. राजकुमार मागून दोन्ही हात पसरून येत होता. वळणावर त्यानं त्यांना उचलायला हात घातला.

"हात लावू नोको."

त्यानं हात मागं घेतला. वर पोचायला पाऊण तास लागला. त्या दिवशी तो जेवला नाही.

त्यानंतर त्या रोज एकदा उतरू लागल्या. काही दिवस पाय असा धरे की अर्ध्यातून परतावं लागे. तपासणीत साखर जास्त निघाली. ती खाली आल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, म्हणून यादीतलं नाव मागं गेलं. मग त्यांनी ठरवलं की थांबायचंच आहे तर गावी थांबायचं. राजकुमार तीन दिवस नाही म्हणाला. चौथ्या दिवशी तो स्वतःच गावी गेला, संडासावर ठेवायची भोक पाडलेली मजबूत खुर्ची बसवून आला, भिंतीला धरायला लोखंडी नळी ठोकली आणि दाराची आतली कडी काढून टाकली. दिवाळीनंतर दुकानमालकाचा मालवाहू ऑटो मागून त्यानं आईला गावी सोडलं. निघताना एवढंच म्हणाला, "फोन उचलत जा."

एक दिवस फोन आला तो हर्षदीप नावाच्या मुलाचा. दीक्षाच्याच संस्थेतला. तेच सतरा प्रश्न परत विचारायचे होते. उपचारात काही फरक पडला का ते मोजायला. जयवंताबाईंची उत्तरं तयार होती. व्यायाम, हो. काठी, हो. जिना, हो. खुबा तपासला, हो. बारा हो झाले.

"छान सुधारणा हाय, मावशी," तो म्हणाला. "आता शेवटचं. खुबा तपासून घ्या, हे तुमाले कोणाकून कळलं? डॉक्टर, नर्स, आशाताई, नातेवाईक?"

"तुमच्या दीक्षाकून."

"तिनं सल्ला दिला का?"

"नाई बाबा. तिनं प्रश्न वाचला. मी परत वाच म्हणलं, तर परत वाचला."

"ते लिहाले जागा नाई, मावशी."

"मग काय लिहितो?"

"नातेवाईक लिहू का?"

जयवंताबाईंनी जरा विचार केला. "सुवर्णानं नेलं होतं," त्या म्हणाल्या. "लिही."

त्यांचा पाय अजून दुखतो. सकाळी पहिली चार पावलं टाकताना त्या डोळे मिटून घेतात. बसची पायरी अजून चढता येत नाही, त्यामुळं आदिलाबादला जायचं तर ऑटो सांगावा लागतो. साखर तपासायला त्या महिन्यातून एकदा तशाच जातात. उद्धवराव मेथी खुडून आणून टाकतात आणि त्या बांधावर खुर्ची टाकून जुड्या बांधतात. राहीबाई त्या सकाळच्या बसनं घेऊन जाते. साखर थोडी उतरली आहे. तारीख अजून आलेली नाही. दवाखान्यातून फोन येईल म्हणून मोबाईल त्या पदराला बांधून ठेवतात, आणि तो वाजला की उद्धवराव पाटातलं पाणी तसंच सोडून उभे राहतात.